विश्लेषण : जुनी ‘स्पोर्ट्स कार’ नगरमध्ये परवडते का?

मोबाइलवर जुन्या गाड्यांचे कोणतेही ॲप उघडून किंमत सहा-सात लाखांवर लावली, की एक गंमत दिसते. याच पैशांत शोरूममधून नवी छोटी हॅचबॅक मिळते; आणि याच पैशांत कधीकाळी वीस-पंचवीस लाखांना विकली गेलेली, टर्बो इंजिनाची, लाल शिलाईच्या सीटची, कमी उंचीची जर्मन गाडीही मिळते. ‘दिल्ली पासिंग, सिंगल ओनर, शौकिनाने वापरलेली’ असे खाली लिहिलेले असते. गाड्यांचे वेड असलेल्या पंचविशी-तिशीतल्या तरुणाचा अंगठा तिथेच थांबतो.

अहिल्यानगर जिल्ह्यात असे वेड नवे नाही. लष्कराच्या वाहनांची चाचणी घेणारी ‘व्हीआरडीई’ ही संस्था इथली, ‘लूना’ बनवणारा कायनेटिकचा कारखाना इथला, आर्मर्ड कोअरचे केंद्रही इथलेच. इंजिनाची भाषा कळणारी माणसे या शहरात गल्लोगल्ली सापडतात. पण वेगवान गाडी हौसेने विकत घेणे आणि ती पाच वर्षे सांभाळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जाहिरातीतली किंमत पहिल्या गोष्टीची असते. दुसऱ्या गोष्टीची किंमत आरटीओच्या खिडकीवर, स्पेअर पार्टच्या दुकानात आणि पेट्रोल पंपावर कळते.

आपल्याकडे ‘स्वस्त स्पोर्ट्स कार’ असते कुठे?

ब्रिटन-अमेरिकेत हौशी माणसाला जुनी स्पोर्ट्स कार घ्यायची असेल, तर उत्तर ठरलेले असते : माझदाची एमएक्स-५. दोन सीट, मागच्या चाकांना ताकद, १९८९ पासून उत्पादन आणि दहा लाखांहून अधिक गाड्या बनलेल्या. त्यामुळे जुनी गाडीही मिळते आणि तिचे भागही. ही गाडी भारतात अधिकृतपणे कधी विकलीच गेली नाही. टोयोटाची जीटी-८६ ही नाही. बाहेरून जुनी आणावी म्हटले, तर नियम आडवे येतात. गाडी तीन वर्षांपेक्षा जुनी नसावी, स्टिअरिंग उजवीकडे असावे, ती मुंबईच्याच बंदरातून यावी. आणि वर आयात शुल्क असे, की स्वस्त हा शब्दच उरत नाही. या शुल्काची चर्चा महाराष्ट्राच्या घराघरात एकदा झाली होती. २००२ मध्ये सचिन तेंडुलकरला मिळालेल्या फेरारी ३६० मोडेनाच्या सीमाशुल्क माफीवरून वाद झाला आणि अखेर ते शुल्क फियाट कंपनीने भरले. पुढे २०११ मध्ये ती गाडीही सेकंडहँड म्हणून सुरतला विकली गेली.

देशी प्रयत्न झाले. गोव्यात ‘सॅन स्टॉर्म’ नावाची दोन सीटची छोटी गाडी बनत असे, इंजिन रेनोचे, १.२ लिटरचे. दिसायला स्पोर्ट्स, ताकद साधारण ६० अश्वशक्ती. २०१२ च्या ऑटो एक्स्पोमध्ये ‘डीसी अवंती’ आली. दोन लिटरचे टर्बो इंजिन, सुमारे २५० अश्वशक्ती. तिच्याकडे पुढे पुन्हा यावेच लागेल, पण वेगळ्या कारणासाठी.

उरतात दोन वाटा. पहिली म्हणजे ऑडी टीटी, बीएमडब्ल्यू झेड-४, मर्सिडीज एसएलके यांसारख्या, पूर्ण आयात झालेल्या, दहा-पंधरा वर्षे जुन्या गाड्या. दुसरी म्हणजे साध्या कुटुंबाच्या गाडीत दमदार इंजिन बसवून कंपनीने स्वतःच विकलेल्या गाड्या. शौकिनांच्या भाषेत ‘हॉट हॅच’. नगरकरासाठी या दुसऱ्या वाटेला एक फायदा आहे, जो मुंबई-दिल्लीच्या खरेदीदाराच्या लक्षातही येत नाही.

दोन्ही हातांना कारखाने

नगरमधून पुण्याच्या रस्त्याला लागले की रांजणगाव येते. फियाटचा कारखाना इथला. ऑक्टोबर २०१५ मध्ये फियाटने ‘अबार्थ पुंटो’ आणली, दिल्लीतली शोरूम किंमत ९ लाख ९५ हजार. १.४ लिटरचे टी-जेट इंजिन, १४५ अश्वशक्ती, चारही चाकांना डिस्क ब्रेक. दहा लाखांच्या आत एवढी ताकद त्या वेळी देशात दुसऱ्या कुणी दिली नव्हती. त्याआधी २०१० मध्ये याच इंजिनाची थोडी मवाळ आवृत्ती ‘लिनिया टी-जेट’मध्ये आली होती.

पुढे चाकण. फोक्सवॅगनचा हा कारखाना २००९ मध्ये सुरू झाला. २०१३ मध्ये इथून ‘पोलो जीटी टीएसआय’ बाहेर पडली. १.२ लिटर टर्बो, १०५ अश्वशक्ती, सात गिअरचा ऑटोमॅटिक, किंमत ७ लाख ९९ हजार. पोलोचे उत्पादन २०२२ मध्ये थांबले तेव्हा तिचे चाहते हळहळले. तिची जुनी किंमत आजही टिकून आहे, ती त्याचमुळे.

आणि नगरच्या दुसऱ्या हाताला, छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्यात, स्कोडा. २००४ ची ऑक्टाव्हिया आरएस ही १.८ लिटर टर्बो पेट्रोल गाडी इथेच जुळवली जात होती. २०१७ मध्ये तिथूनच दोन लिटर आणि २३० अश्वशक्तीची ऑक्टाव्हिया आरएस आली, किंमत २४ लाख ६२ हजार. पाच माणसे, मोठी डिकी आणि वेग असा की मागे बसलेल्या वडिलांनी ‘हळू’ म्हणावे. २०२० ची २४५ अश्वशक्तीची आवृत्ती मात्र पूर्ण आयात होती आणि तिच्या २०० गाड्याच आल्या. त्यामुळे नाव एकच असले तरी पार्टच्या बाबतीत ती वेगळी गाडी समजावी.

हे तिन्ही कारखाने नगरपासून सुमारे दीडशे किलोमीटरच्या आत आहेत. कारखाना जवळ आहे म्हणून पार्ट स्वस्त मिळतो असे नाही. पण कारखान्याभोवती त्या गाड्या जास्त फिरतात, त्या उघडलेले मेकॅनिक जास्त असतात, भंगारातून चांगला पार्ट निघण्याची शक्यता जास्त असते आणि गाडी नाशिकच्या रस्त्यावर बंद पडली तर ती टोइंग करून कुठे न्यायची याचे उत्तर असते. पिंपरी-चिंचवडच्या गॅरेजमध्ये टी-जेट किंवा टीएसआय इंजिन पाहून कुणी डोके खाजवत नाही. ऑडी टीटीच्या छताची मोटर बिघडली तर मात्र खाजवावे लागते.

पोलोचे बरेचसे भाग व्हेंटोशी, ऑक्टाव्हियाचे इंजिन समूहातल्या इतर गाड्यांशी आणि अबार्थचे पत्र्याचे भाग साध्या पुंटोशी जुळतात. जुनी गाडी टिकते ती अशा नातेवाइकांच्या जोरावर. याच न्यायाने मारुतीची २०१७ ची ‘बलेनो आरएस’ दुर्लक्षित पण समजूतदार निवड ठरते. १.० लिटर बूस्टरजेट, १०२ अश्वशक्ती; बाहेरचे बहुतेक भाग साध्या बलेनोचे. श्रीगोंदा किंवा शेवगावमध्ये राहणाऱ्याला हे महत्त्वाचे आहे. आवाज आणि रुबाब कमी, हेही खरे.

फियाटबद्दल एक सावधगिरी हवी. कंपनीने २०१९ च्या सुमारास भारतातली आपल्या नावाची विक्री आवरती घेतली. रांजणगावचा कारखाना जीपसाठी चालू राहिला. पण पुंटोचे खास भाग, विशेषतः अबार्थचे ब्रेक आणि टर्बोच्या आसपासचे, शोधावे लागतात. टी-जेटला टायमिंग बेल्ट आहे. तो कधी बदलला याची पावती नसेल, तर तो बदललेला नाही असे धरूनच सौदा करावा. चालत्या इंजिनात बेल्ट तुटला, की व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात आणि मग बेल्टचे काही हजार वाचवल्याचा पश्चात्ताप करायलाही वेळ मिळत नाही.

गिअरबॉक्सची भीती कितपत खरी?

पोलो जीटी टीएसआयच्या जाहिरातीखाली हमखास एक प्रश्न असतो : ‘डीएसजीचे काम झाले आहे का?’ हा सात गिअरचा बॉक्स दोन कोरड्या क्लचवर चालतो. मेंदू आणि हायड्रॉलिक भाग एकत्र असलेल्या त्याच्या युनिटला ‘मेकॅट्रॉनिक’ म्हणतात. उष्णता आणि सतत थांबत-चालत जाणारी वाहतूक हे त्याचे शत्रू. २०१३ मध्ये कंपनीने जगभरातल्या सुमारे १६ लाख गाड्या परत बोलावून त्यांतले तेल बदलून दिले होते. उष्ण हवामानात विद्युत बिघाड होत असल्याचे कारण त्यामागे होते. मे महिन्यात ४० अंशांच्या वर जाणाऱ्या जिल्ह्यात हे विसरून चालणार नाही. हे युनिट बदलायची वेळ आली, तर जुन्या गाडीच्या किमतीचा मोठा घास एकाच बिलात जातो.

चाचणी सोपी आहे. गाडी चढावर उभी करावी, ब्रेक सोडून अगदी हळू पुढे घ्यावी. थरथर, धक्का किंवा ‘टकटक’ जाणवली तर क्लच संपत आले आहेत. पहिल्याहून दुसऱ्या गिअरमध्ये जाताना अडखळत असेल तर परत फिरावे. २०१७ च्या ऑक्टाव्हिया आरएसमधला सहा गिअरचा बॉक्स तेलात बुडालेल्या क्लचचा, म्हणून अधिक दणकट. पण त्याचे तेल साधारण ६० हजार किलोमीटरला बदललेले असावे लागते. आणि पोलोच हवी, पण डीएसजी नको असेल, तर २०२० नंतरच्या १.० लिटर टीएसआय गाड्या पाहाव्यात. त्यांत पारंपरिक टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिक किंवा हाताचा गिअर मिळतो.

दिल्लीची गाडी स्वस्त का असते?

राष्ट्रीय हरित लवादाचा आदेश आणि त्यावर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केलेले शिक्कामोर्तब यांमुळे दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांचे भवितव्य टांगणीला लागले. त्या नियमांत पुढे फेरफार होत राहिले, पण बाजार एकदा घाबरला तो घाबरलाच. आठ-नऊ वर्षांची जर्मन डिझेल गाडी तिथे पडेल भावात निघते आणि दलालामार्फत महाराष्ट्रात येते.

खरा खर्च इथून सुरू होतो. मूळ आरटीओची ना हरकत, म्हणजे नमुना २८, हवी. रेशनकार्डावर नव्या गावात नाव लावायचे तर जुन्या गावातून ते कमी केल्याचा दाखला लागतो, तसेच हे. त्यानंतर महाराष्ट्राचा एकरकमी कर. नव्या खासगी पेट्रोल गाडीला किमतीनुसार तो ११ ते १३ टक्के आणि आयात गाडीला २० टक्के असतो. परराज्यातून आलेल्या जुन्या गाडीला वयाप्रमाणे कमी होत जातो. पण हिशेब गाडीच्या मूळ किमतीपासून सुरू होतो, आज दिलेल्या सहा लाखांपासून नाही. पंचवीस लाखांच्या गाडीचा कर सहा लाखांत घेणाऱ्याच्या अंगावर येतो तो असा. आधीच्या राज्यात भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मागता येतो, मात्र त्यासाठी त्या राज्याच्या कार्यालयाचा पाठपुरावा करावा लागतो आणि तो मूळ मालक करेल ही आशा सौद्यात धरू नये.

‘तशीच चालवा, कोण विचारतंय’ हा दलालाचा आवडता सल्ला. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ नुसार दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवलेल्या गाडीला तिथला नवा क्रमांक घ्यावाच लागतो. नगर शहराचा एमएच-१६, श्रीरामपूरचा एमएच-१७.

पंधरा वर्षांचा टप्पाही लक्षात हवा. त्यानंतर फेरनोंदणी पाच-पाच वर्षांची. साध्या मोटारीला शुल्क ५ हजार, आयात मोटारीला ४० हजार. वीस वर्षांवरील गाड्यांसाठी २०२५ मध्ये ते अनुक्रमे १० आणि ८० हजार झाले. झेड-४ आणि पोलो यांच्यातला फरक पुन्हा एकदा इथे दिसतो.

सातबाऱ्यावर बोजा, आरसीवर हायपोथिकेशन

शेतजमीन घेताना सातबारा न पाहणारा माणूस या जिल्ह्यात सापडणार नाही. गाडी घेताना मात्र आरसीचा फोटो व्हॉट्सॲपवर आला की लोक टोकन पाठवतात. आरसीवर बँकेचे हायपोथिकेशन असेल तर तो बोजाच आहे. बँकेचे पत्र आणि नमुना ३५ मिळाल्याशिवाय तो उतरत नाही. ‘कर्ज कधीच फिटलंय, फक्त नाव काढायचं राहिलंय’ हे वाक्य ऐकल्यावर आधी नाव काढू द्यावे, मग पैसे द्यावेत.

डीसी अवंतीची आठवण इथे येते. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी या गाड्यांच्या नोंदणी आणि कर्जप्रकरणी गुन्हा दाखल करून कंपनीच्या संस्थापकाला अटक केली. एकाच इंजिन आणि चेसिस क्रमांकावर एकाहून अधिक नोंदणी झाल्याचा आणि त्यांवर कर्जे उचलल्याचा आरोप पोलिसांनी केला. आरोपाचा निकाल न्यायालय लावेल. खरेदीदाराने त्यातून घ्यायची ती एवढीच गोष्ट, की गाडीवर कोरलेला चेसिस क्रमांक स्वतः वाकून, टॉर्च लावून वाचावा आणि आरसीशी अक्षर-अक्षर जुळवावा. ‘परिवहन’च्या पोर्टलवर नोंदणी, विमा, प्रदूषण प्रमाणपत्र आणि हायपोथिकेशन दिसते. थकलेली ई-चलनेही तपासावीत. वेगवान गाडीच्या आधीच्या मालकाने वेगाचे दंड साठवले असण्याची शक्यता अंमळ जास्तच. १ एप्रिल २०१९ पूर्वीची गाडी असेल तर उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवली आहे का, हेही पाहावे.

दुकानातून घेतली तर? जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांना आरटीओकडून अधिकृतता घेण्याचा नियम एप्रिल २०२३ पासून लागू आहे. गाडी ताब्यात घेतल्याची नोंद पोर्टलवर झाली, की त्या काळातली जबाबदारी विक्रेत्याची. अधिकृततेचा क्रमांक मागण्यात संकोच नसावा. जीएसटीवरूनही गैरसमज आहे. डिसेंबर २०२४ च्या निर्णयानुसार १८ टक्के कर नोंदणीकृत विक्रेत्याच्या नफ्याच्या रकमेवर आहे. एका माणसाने दुसऱ्याला घरगुती विकलेल्या गाडीवर नाही.

‘स्टेज वन’ केलेली गाडी

शौकिनाची गाडी म्हणजे जपलेली गाडी, हे अर्धेच खरे. बरेचदा ती पिळलेलीही असते. टर्बो गाडीच्या संगणकाचा प्रोग्रॅम बदलून वीस-तीस अश्वशक्ती वाढवता येते. याला ‘रिमॅप’ किंवा ‘स्टेज वन’ म्हणतात. विकताना मूळ प्रोग्रॅम परत टाकला जातो आणि क्लच, टर्बो, पिस्टन यांनी सोसलेला ताण नव्या मालकाकडे जातो. अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या स्कॅनरवर प्रोग्रॅम किती वेळा बदलला याची खूण बऱ्याच गाड्यांत सापडते. ओडोमीटर मागे फिरवला असेल, तर सर्व्हिस सेंटरच्या नोंदीतले किलोमीटर तेही उघडे पाडतात.

कायद्याची बाजू स्पष्ट आहे. कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये कलम ५२ चा अर्थ लावताना सांगितले. बेकायदा बदलासाठी प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. फटाके फोडणाऱ्या सायलेन्सरसाठी ध्वनिप्रदूषणाचे कलम वेगळे. पहिल्याच वेळी १० हजारांपर्यंत दंड. त्यामुळे जाहिरातीत ‘दीड लाखाचं काम केलंय’ असे लिहिलेले असेल, तर ते दीड लाख किमतीत वाढवायचे नसतात. मूळ पार्ट सोबत मिळत नसतील तर उलट वजा करायचे असतात.

उसाच्या जिल्ह्यात पेट्रोलचा प्रश्न

सहकारी साखर कारखानदारीचे बीज प्रवरानगरला रुजले. आज याच जिल्ह्यातल्या डिस्टिलऱ्यांमधून इथेनॉल बाहेर पडते आणि टँकरने तेल कंपन्यांकडे जाते. शेतकऱ्यासाठी ही चांगली बातमी. त्याच शेतकऱ्याच्या मुलाच्या २०१५ च्या टर्बो गाडीसाठी तितकी सरळ नाही. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल येते. या मिश्रणाला पूर्णपणे अनुरूप गाड्या एप्रिल २०२३ नंतर बनू लागल्या. त्याआधीच्या बऱ्याच गाड्या १० टक्क्यांपर्यंतचा हिशेब धरून बनलेल्या.

लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात, शुद्ध पेट्रोलसाठी रचलेल्या आणि १० टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाकींचे मायलेज ६ ते ७ टक्क्यांनी घटेल असा अंदाज होता. दुसरीकडे इथेनॉलचा ऑक्टेन अंक जास्त. टर्बो इंजिनात ‘नॉकिंग’ टाळायला तो उपयोगी पडतो. म्हणजे इंजिन फुटेल अशी भीती नको. काळजी आहे ती जुन्या रबरी नळ्या, सील आणि इंधन पंपाची. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते. हौशी गाडी तर आठवड्यात एकदा, पावसाळ्यात महिन्यात एकदा निघते. अर्धी रिकामी टाकी घेऊन ती उभी राहू नये. इंधनाच्या नळ्या खरेदीच्या वेळीच पाहून घ्याव्यात. चिरा गेलेली नळी गरम टर्बोजवळ ठिबकली तर तो मायलेजचा प्रश्न राहत नाही. उसाच्या फडाजवळ घर असेल तर उंदरांचा बंदोबस्तही याच यादीत येतो. वायरिंग कुरतडले की आधुनिक गाडी नुसती उभी राहते, कारण सांगत नाही.

चालवणार कुठे?

जिल्ह्यात गाडी चालवण्याचा आनंद देणारे रस्ते आहेत. इमामपूरचा घाट, पाथर्डीकडे जाताना करंजी घाट, संगमनेरजवळचा चंदनापुरी, आणि पावसाळ्यानंतर भंडारदऱ्याकडचा अकोले तालुका. नगर-मनमाड रस्त्याच्या खड्ड्यांनी मात्र कितीतरी अलॉय व्हील वाकवली आहेत. उंची कमी असलेली, पातळ टायरची गाडी गावातल्या गतिरोधकावर पोट घासते. गळीत हंगामात रात्री दिवा-रिफ्लेक्टरविना उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या समोर येतात, त्या वेळी १४५ अश्वशक्तीपेक्षा चांगले ब्रेक आणि चांगले दिवे उपयोगाचे.

समृद्धी महामार्ग कोपरगाव तालुक्यातून जातो आणि मोह तिथेच जास्त. कमाल मर्यादा ताशी १२० किलोमीटर. तासन्‌तास त्या वेगाने, तापलेल्या काँक्रीटवर जुने टायर फुटतात. टायरच्या बाजूवर चार आकड्यांचा शिक्का असतो. ‘२३१७’ म्हणजे २०१७ चा तेविसावा आठवडा. खाच खोल असली तरी सहा-सात वर्षांपूर्वीचे रबर कडक झालेले असते. कमी चाललेल्या ‘शौकिनाच्या’ गाडीत नेमके हेच होते : टायर नवे दिसतात आणि जुने असतात. चार चांगल्या टायरचा खर्च सौद्यातूनच वजा करून घ्यावा.

सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे हा कलम १८९ खाली गुन्हा आहे. खरा ट्रॅक हवा असेल तर चेन्नई, कोइमतूर किंवा ग्रेटर नोएडा गाठावे लागते. कोल्हापुरात कार्टिंगचा ट्रॅक आहे. ‘व्हीआरडीई’चे चाचणी मार्ग नगरमध्ये असले तरी हौशी चालकासाठी ते खुले नाहीत.

सात लाखांचा हिशेब

समजा हातात सात लाख आहेत. गाडीवर पाच लाखांपेक्षा जास्त घालू नयेत, उरलेले दोन पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेवावेत. बेल्ट, सगळी तेले, टायर, ब्रेक, बॅटरी, सस्पेन्शनचे बुश आणि नावावर करण्याचा खर्च यांतच बहुतेक ते संपतील. कर्ज काढून सात लाखांची गाडी आणि दुरुस्तीला शून्य, ही यातली सर्वांत वाईट स्थिती. जुन्या गाडीच्या कर्जाचा व्याजदर नव्यापेक्षा जास्त असतो. आणि गाडी गॅरेजमध्ये उभी असली तरी हप्ता थांबत नाही.

विम्यात ‘थर्ड पार्टी’चा वार्षिक हप्ता २०२२ च्या दरांप्रमाणे १००० ते १५०० सीसीला ३,४१६ रुपये, त्यापुढे ७,८९७ रुपये. म्हणजे अबार्थ आणि पोलो एका गटात, ऑक्टाव्हिया आरएस दुसऱ्या. खरी बोच स्वतःच्या नुकसानीच्या दाव्यात. साध्या पॉलिसीत प्लास्टिक आणि रबराच्या भागांचे निम्मेच पैसे मिळतात, दहा वर्षांवरील गाडीच्या पत्र्याचेही निम्मे. बंपर, स्कर्ट, स्पॉयलर हे सगळे प्लास्टिकच. ‘झिरो डेप्रिसिएशन’ची सोय जुन्या गाडीला सहसा मिळत नाही. आधीच्या मालकाचा ‘नो क्लेम बोनस’ही गाडीबरोबर येत नाही, तो माणसाचा असतो, गाडीचा नाही.

पाहायला जाताना

सकाळी जावे आणि ‘इंजिन गरम करून ठेवू नका’ असे आदल्या दिवशीच सांगावे. बॉनेटला हात लावून पाहावा. थंड इंजिन सुरू होताना निळा धूर म्हणजे तेल जळते आहे. गोडसर वासाचा पांढरा धूर राहत असेल तर कूलंट. टर्बो किंचित शीळ घालतो, किंचाळत नाही. मेकॅनिक आपला न्यावा, विकणाऱ्याच्या ओळखीचा नाही. नागापूर एमआयडीसीतला ओळखीचा माणूस दिवसाची मजुरी घेऊन पुण्याला आला, तरी तो खर्च वसूल होतो. स्कॅनर लावावा, गाडी रॅम्पवर चढवून खालून पाहावी. रंगाच्या छटा उन्हातच कळतात, म्हणून पार्किंगच्या तळघरात सौदा करू नये.

ठरले, तर नमुना २९ आणि ३० वर सह्या होतात. विकणाऱ्याने राज्यांतर्गत व्यवहारात १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. विमा नावावर करायलाही १४ दिवसच. हा काळ दोघांसाठी जोखमीचा. नोंदणी ज्याच्या नावावर, अपघाताची भरपाई त्याच्याकडून, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या एका निकालात स्पष्ट केले आहे. म्हणून कोऱ्या फॉर्मवर सही देऊन गाडी दलालाकडे सोडणारा मालक जितका अडकतो, तितकाच नाव न लावता वर्षभर गाडी फिरवणारा खरेदीदार. ताबा दिल्याच्या चिठ्ठीवर तारखेबरोबर वेळही लिहितात. संध्याकाळी साडेसहाला किल्ली हातात आली आणि सव्वासहाचे चलन नंतर घरी आले, तर ते कोणाचे, हे त्या चिठ्ठीवरूनच ठरते.